जुनी नोंद खरी

११ नोव्हेंबर २०१३, सोमवार. बुऱ्हाणपूर.

पोचले एकदाची! गाडीत खिडकीची जागा मिळाली, भुसावळ सोडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता माझ्या हातावर वेफर्सचा ढीग ठेवला. एवढ्या सुखाची सवय नाही मला. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी मी मराठीत बोलत होते, तो हिंदीत, आणि लोधीपुरा येईपर्यंत दोघांची मिळून एक तिसरीच भाषा झाली होती.

ही वही लिहायची आज्ञा केतकीची. म्हणाली, आई, तू फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणतेस, मला नंतर वाचायला काहीतरी ठेव. बारावीत आहे, हुकूम सोडायचं वय आहे. ती आणि माझी आई नाशिकला, तिचे बाबा दुबईला, आणि त्या विषयावर या वहीत एवढंच. डिसेंबरात तिची पूर्वपरीक्षा सुरू होते. त्याआधी मी घरी असेन असं तिला वचन दिलंय, तेव्हा काम लवकर उरकायचं.

खोली भागाबाईंकडे, वरच्या मजल्यावर. साठीच्या आहेत, जीभ तिखट, हात सढळ. मी बॅग ठेवायच्या आत ताट वाढलेलं. मुलगा देवराम, सव्वीस-सत्तावीसचा, मी ज्या सूतगिरणीच्या सर्व्हरचं काम करायला आलेय त्याच गिरणीत फिटर आहे. आंघोळ करताना मोठमोठ्याने गातो आणि आई ओरडली की आणखी मोठ्याने गातो. त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे, तर म्हणाला, मॅडम, तुमच्या सर्व्हरमधून माझ्यासाठी एक काढा की.

गिरणी गावाबाहेर, तापीच्या अंगाला. गेल्या वर्षी एका मोठ्या समूहाने विकत घेतली, आणि आता समूहाच्या सगळ्या गिरण्या एका प्रोजेक्ट सर्व्हरवर आणायच्या आहेत. कोणतं यंत्र कुठे बसवायचं, कोणी, कधी, ते सगळं तिथे दिसणार. पण सर्व्हरला आधी माणसं माहीत हवीत. ती गिरणीच्या जुन्या डिरेक्टरीतून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नाव-नंबरांच्या यादीतून, आपोआप यायला हवीत आणि ती येत नाहीत. म्हणून मी.

हेडबाबू लीलाधरजी एकदम गोड माणूस. मला लॉगिन हवं होतं, आणि त्याला गिरणीचा कामगार नंबर लागतो. नवा नंबर इंदूरहून येतो, आज अर्ज केला तर पुढच्या जन्मी मिळेल, म्हणाले. तोवर एक रिकामा आहे तो घ्या. मनकर्णाबाई म्हणून स्टोअरमध्ये होत्या, दोन वर्षांमागे काविळीने गेल्या. मला काय, नंबर तो नंबर. पण लीलाधरजींनी फाटकावर नारळ फोडला, मला कुंकू लावलं आणि त्या नंबराचा पितळी बिल्ला ओढणीला टाचला. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. वीस वर्षं या धंद्यात काढली, पण लॉगिन मिळाल्याचं कुंकू पहिल्यांदाच लागलं. केतकीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुखणं सापडलं. खरं तर ते दुखणं नव्हेच, रिवाज आहे.

या गिरणीत नंबर मरत नाही. माणूस गेला की त्याचा नंबर मुलाला, मुलीला, नाहीतर सुनेला. तोच बिल्ला, तसाच नारळ. आणि जुनं नाव खोडायचं नाही. खोडलं की घराचं दाणापाणी तुटतं असं इथे मानतात. कॉम्प्युटर आल्यावर बाबू लोकांनी तोच रिवाज त्यातही नेला. जुनी नोंद तशीच ठेवायची आणि त्याच नंबरावर खाली नवी करायची. आमचा सर्व्हर एका नंबराला एकच माणूस ओळखतो. दोन दिसले की हात वर करतो आणि जुळवणी तिथेच थांबते. गिरणीतल्या जवळजवळ प्रत्येक नंबरावर दोन माणसं आहेत, एक जिवंत आणि एक गेलेलं.

लीलाधरजींचा नंबर त्यांच्या वडिलांचा. ते याच खुर्चीवर बसत, धोतर नेसून, आणि म्हणे आख्खी गिरणी त्यांच्या खोकल्याला घाबरायची. देवरामचा नंबर त्याच्या वडिलांचा, उखर्डूंचा. ते जॉबर होते, म्हणजे एका खात्याच्या कामगारांवरचे मुकादम. यंत्रात पाय सापडून लंगडे झालेले, बिडी ओठातून उतरायची नाही. देवरामला बिडीचा वाससुद्धा सोसत नाही, पण वडिलांचा बिल्ला तो चिंचेने घासून लखलखीत ठेवतो.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता भागाबाईंनी नवऱ्याचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता म्हणाल्या, पण तो घरात असला की घर चूप राहायचं. मग देवरामचं गाणं ऐकून स्वतःशीच हसल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज उपाय करून पाहिला. दोन नोंदी सापडल्या तर नवी खरी धरायची, असा नियम लावला. शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

जुळवणी झाली, पण नवी माणसं सर्व्हरवर आली ती उघडीबोडकी. खातं, हुद्दा, कोणाला काय उघडता येईल, हे सगळं जुन्या नोंदीला चिकटलेलं होतं. देवरामला स्वतःच्या यंत्राचं काम दिसेना. कोणालाच काही दिसेना. दुपारी सगळे कचेरीसमोर येऊन उभे राहिले. कोणी आरडाओरडा केला नाही, नुसते उभे, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. लीलाधरजी हात जोडून म्हणाले, “मॅडम, बड्यांना हटवू नका. नवा बाजूला बसेल, पण बडा उठणार नाही.” मी नियम काढून टाकला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

दुसरा मार्ग म्हणजे एकेक जोडी हाताने जुळवत बसायची. त्यात उन्हाळा येईल. केतकीला सांगितलं. म्हणाली, ठीक आहे आई, काम आहे ना. हे ‘ठीक आहे’ मला चांगलं ओळखू येतं.

स्टोअरच्या पायरीवर रोज एक मुलगी बसलेली असते. मनकर्णाची मालू. संक्रांतीच्या सुमारास अठराची होईल, मग हा नंबर तिचा. मामाकडे राहते. मामी जेवायला घालते आणि ऐकवतेही. मला म्हणाली, “काकू, तोवर नंबर थंडा नका पडू देऊ.” मी हो म्हटलं आणि माझ्या डब्यातली पोळी तिला दिली. केतकीच्याच वयाची, आणि अंगावर स्वेटर नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

झालं!

थकले होते म्हणून केलं, दुसरं काही कारण नाही. नियम उलटा लावला. जुनी नोंद खरी, नवी तिच्यात मिळवायची. खातं, हुद्दा, सगळं जागच्या जागी राहतं, आणि दिसायचं नाव मागाहून दुरुस्त करता येतं. नाशिकच्या कचेरीतला अरविंद, माझा जुना सहकारी, फोनवर कुरकुरला. एकदा मिळवलेली नोंद वेगळी काढणं जिवावर येतं, म्हणाला. मी म्हटलं, बॅकअप घेतलाय, तू तुझा चहा पी.

जेवणाच्या सुट्टीत जुळवणी लावली. एकही तक्रार न करता शेवटपर्यंत गेली. एकेक नाव हिरवं होत गेलं आणि मला अक्षरशः रडू आलं. मध्येच क्षणभर गरगरलं, खुर्चीची कड धरावी लागली. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. लीलाधरजींनी मावा जिलेबी मागवली. काळी, गरम, तुपात थबथबलेली. मी लाज सोडून खाल्ली.

आता आठवडाभर नजर ठेवायची आणि घर. केतकीला सांगितलं तेव्हा फोनवरच ओरडली. आजीला हाक मारून सांगितलं, आई येतेय. इतकं बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काम नीट चाललंय. माणसं मात्र विचित्र वागायला लागली आहेत, की मलाच तसं वाटतंय कोण जाणे. इलेक्शनचे भोंगे दिवसभर डोकं उठवतात. त्यानेही होत असेल.

देवराम पाय ओढत चालतो. विचारलं तर म्हणाला, कुठे काय, असाच आहे माझा पाय. परवापासून गात नाही. आज ओट्यावर बसून बिडी ओढत होता, डोळे बारीक करून, सराईत. भागाबाई आधी हसल्या. बापावर गेला म्हणाल्या, थेट बापच बसलाय. त्यांनी त्याला ताट वाढलं आणि त्याने भाजीत मीठ कमी म्हणून ते बाजूला सारलं. भागाबाईंनी ते उचलून आत नेलं.

गिरणीत लीलाधरजी धोतर नेसून आले. मी चेष्टा केली, लग्न कुणाचं? त्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि खोकले. आख्खी कचेरी उभी राहिली. विशी-पंचविशीतली पोरं, पण गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली.

मी दुपारी घरी येऊन पडून राहिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज देवरामसाठी शाहपूरहून पाहुणे आले होते. केळीवाले, खाऊनपिऊन सुखी, मुलगीही बरोबर. कांदेपोहे मीच केले, कारण भागाबाईंचं कशातच लक्ष नव्हतं. सगळं रीतीने चाललं होतं. मुलीच्या वडिलांनी देवरामला विचारलं, काय शिकलात. तो म्हणाला, ही काय चेष्टा लावलीय? माझं लग्न झालंय. बायको तिथे उभी आहे. आणि भागाबाईंकडे बोट दाखवलं.

कोणी हसलं नाही. पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. मुलगी जाताना रडत होती.

नंतर भागाबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. तो त्यांना नावाने हाक मारतो, म्हणाल्या. त्यांच्या लग्नातली भांडणं काढतो, जी देवरामच्या जन्माआधीची आहेत. कोणी सांगितलेली नाहीत. आजपासून त्या शेजारी झोपायला जाणार आहेत.

मी त्यांना म्हटलं, दवाखान्यात दाखवू. म्हणताना आतून कळत होतं की दवाखान्याचं हे काम नाही. जुनी नोंद खरी, नवी तिच्यात मिळवायची. हा नियम मी लावलाय. पण तो सर्व्हरवर लावलाय. माणसांवर कसा लागेल? मी सुशिक्षित बाई आहे. असलं काही मनात आणायची मला लाज वाटते. तरी उद्या नियम काढणार.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काल मतदानाची सुट्टी, गिरणी बंद होती. आज गेले.

जुळवणीनंतर पहिल्यांदाच नव्याने लॉगिन केलं. उघडलं ते मनकर्णाचं पान. स्टोअर खातं, सुताच्या रिळांची आवकजावक, बाकी काही नाही. माझे सगळे अधिकार गेले. माझी नोंद नवी होती ना. नवी तिच्यात मिळवली.

मला कसं सुचलं नाही? तो नंबर मीही घेतला होता. कुंकू लावून घेतला होता.

बसून राहिले. मग उठून स्टोअरमध्ये गेले, का ते माहीत नाही. तिथे मी याआधी पाय ठेवलेला नाही, तरी अंधाऱ्या मांडणीत हात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा अचूक हाताला लागला. सुताचा तुटका धागा समोर दिसला. बोटांनी तो गाठ मारून सांधला, माझं लक्ष जायच्या आत. मला साधी सुई ओवता येत नाही. केतकीच्या शाळेच्या ड्रेसची बटणं माझी आई लावायची.

बाहेर मालू होती. तिने हाक मारली, “माय.”

मी “ओ” दिली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

अरविंदला फोन केला. खरं सांगितलं असतं तर वेडी ठरले असते, म्हणून एवढंच म्हटलं की नोंदी चुकीच्या मिळवल्या, बॅकअप परत चढव. त्याला नाशिकहून करता येतं. पण म्हणाला, सर्व्हर सापडतच नाही, तिकडची वायर बघ.

सर्व्हरच्या खोलीला कुलूप आहे. लीलाधरजींनी वायर उपटून बाहेर टाकली आहे. लीलाधरजी तरी कसं म्हणू? त्यांचे वडील. असली खुळं माझ्या गिरणीत नकोत, म्हणाले. मी सांगितलं की या अंगात तुमचा मुलगा आहे, तुम्ही त्याच्या जागेवर बसला आहात. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ठाऊक होतं सगळं. अगदी शांतपणे म्हणाले, एकदा आलेला माणूस परत कशाला जाईल?

भागाबाई माझ्या मागोमाग गिरणीत आल्या होत्या. हातात दगड, कुलूप फोडायला. देवराम आणि बाकीचे जॉबर दारासमोर उभे राहिले. तरुण पोरांची शरीरं आणि ते डोळे. भागाबाईंनी दगड टाकला आणि तिथेच बसल्या. लहान मुलासारख्या रडत होत्या. “मले धनी नको व बाई. मले माझा पोऱ्या पायजे.” देवराम त्यांच्याकडे बघत बिडी ओढत राहिला.

त्यांच्यावर ही वेळ मी आणली. स्वतःची भीतीही इतकी आहे की त्यांना धड जवळही घेता आलं नाही.

बिल्ला तापीत टाकला. काही फरक नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी निघाले. बॅग घेतली, भागाबाईंना सांगितलं, नाशिकला जाऊन अरविंदला घेऊन येते, कुलूप फोडू, सगळं उलटवू. रिक्षात बसले. स्टेशन म्हणाले. नक्की म्हणाले, मला आठवतंय.

भानावर आले तेव्हा शाहपूरच्या बसमध्ये होते. मांडीवर तिकीट. बॅग नव्हती, पर्स तेवढी होती, तीत फोन आणि ही वही. शेजारची बाई मला मनकर्णाक्का म्हणून बोलत होती, माहेरची खुशाली सांगत होती, आणि मी विचारत होते की वहिनीचा गुडघा कसा आहे. मला वहिनी नाही. मी एकुलती एक आहे —

पुढच्या बसने परत आले. मालू फाट्यावर उभी होती. कोणी सांगितलं तिला? माझा हात धरून लोधीपुऱ्यात घेऊन आली. सगळ्यात भयंकर हे की तिचा हात धरल्यावर मला बरं वाटलं. ती वाळली आहे. मामी धड जेवू घालत नाही. तिच्याकडे बघून पोटात तुटतं. हे माझं तुटणं नाही, पण तुटतं माझ्याच पोटात.

३० नोव्हेंबर

केतकीचा फोन. मी बोलत होते आणि ती मध्येच म्हणाली, आई, तू अशी काय बोलतेस? ‘काय करू राह्यली’ काय? मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. म्हणाली, मी येते तिकडे. मी ओरडले, येऊ नकोस, परीक्षा आहे. खरं कारण वेगळं आहे. तिने मला असं बघू नये.

केतकी. केतकी सुलभा गायधनी. नाही, आडनाव बापाचं लावते ती. ते काय — लिहून ठेवलं पाहिजे. ती जन्मली तेव्हा पाऊस होता. की थंडी? दवाखान्यात माझी आई होती उशाशी. आईचा चेहरा दिसतो, लाल नऊवारी — माझी आई नऊवारी नेसत नाही. ही कोणाची आई?

२ डिसेंबर

आता इथेच. स्टोअरमागची खोली, मनकर्णाची. मालू मामाकडून निघून आली. तिने केर काढला, चूल पेटवली, माझ्या केसांना तेल लावलं. म्हणते, माय, आता मी कामाला नाही लागले तरी चालेल, तूच आलीस. मी तिला सांगितलं, बाळ, मी तुझी आई नाही, मला जाऊ दे, माझीही लेक आहे. ती डोक्यावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, तापात असंच बोलायचीस.

तिचा काय दोष. दोन वर्षं पायरीवर बसली पोर.

अरविंदचे फोन येतात. उचलले तर काय सांगायचं ते सुचत नाही. कसली वायर —

३ डिसेंबर

भागाबाई आली होती. ही वही उघडून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, लिहा मॅडम, लिहीत राहा, तुमची तुम्ही राहा. माझ्या पोराला सोडवणारं दुसरं कोणी नाही. मी लिहीन म्हटलं.

सुलभा. नाशिक. मुलगी आहे. बारावी. वाट बघते. सुलभा. नाशिक. मुलगी —

नाव येत नाही. जिभेवर आहे. क —

देवा, पोरीचं नाव तरी राहू दे. बाकी सगळं ने.

५ डिसेंबर

मालूला स्वेटर विणायला घेतला. निळा.

फोन वाजत होता. मालूने बंद केला. बरं झालं.

कोणीतरी वाट बघतंय असं सारखं वाटतं. दूध ठेवलं गॅसवर आणि विसरले, तसं. आठवत का —

७ डिसेंबर

वही मांडणीत सापडली. कोणा शिकलेल्या बाईची आहे, अक्षर सुरेख. मी मालूला म्हटलं, टाकू नको, पानं कोरी आहेत, स्टोअरच्या हिशेबाला होतील.

आज एक पोरगी आली. नाशिकहून, एकटी, पाठीवर दप्तर. रडून रडून डोळे सुजलेले. आईला शोधते म्हणे. आई इथे कामाला आली होती, फोन बंद आहे. मालू तिला दारातून आत येऊ देईना, हट्टाला पेटली. मीच दटावलं, माणुसकी आहे का नाही, परक्या गावात लेकरू आलंय. पाणी दिलं. भाकर दिली. खाल्ली नाही. नुसती माझ्याकडे बघते. माझा हात धरला आणि सोडत नाही. मला आई म्हणाली. दुःखात माणूस कोणालाही म्हणतो. मी जवळ घेतलं तर आणखीच रडायला लागली. कोणाची का असेना, लेकच ती. माझाही जीव का कोण जाणे भरून आला.

तिला म्हटलं, रडू नको बाळ, सापडेल आई. कशी दिसते ते सांग, मी लिहून घेते, फाटकावर सगळ्यांना विचारू. तर माझ्या तोंडाकडे बघून एकेक सांगते आहे. मी लिहिते आहे. उंची बेताची. रंग गव्हाळ. कानाजवळ केस पिकलेले. डाव्या भुवईत वण. खालच्या ओठाशी तीळ, आणि घाबरली की ती उजव्या हाताने —